रागीच्या उंचीवरून

६ जानेवारी, सोमवार
स. फिरणे तीन फेऱ्या. थंडी बरीच. नलिनीने अवरेकाईचे, म्हणजे पावट्याचे, दाणे घालून उप्पिट केलं.

दुपारी केतकी आली. सोबत स्कॅनर आणि कागदांचे चार गठ्ठे. आजपासून मी तिचा स्कॅनिंग विभाग. अट एकच, क्रम चुकवायचा नाही. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात ड्रॉइंगचे नंबर सांभाळले आणि पोरगी मला क्रम शिकवते! पण बरं वाटलं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच कुणी काम दिलं.

फिल्म साडेसहा मिनिटांची. सगळी हाताने, कागदावर. सेकंदाला बारा चित्रं. कोरमंगलाच्या त्या खोलीत दोन वर्षं हेच चाललंय तिचं, जाहिरातींची कामं संपली की. गोष्ट काय आहे विचारलं. म्हणाली, स्कॅन करता करता कळेल.

८ जाने., बुधवार
गठ्ठा १ व २ पूर्ण. ४१० कागद.
सगळं जमिनीलगतचं. टेबलाचे पाय, खुर्चीचे पाय, साडीचा काठ, काळ्या बुटांची जोडी. माणसं गुडघ्यापर्यंतच. मला वाटलं चित्रं अर्धवट आहेत, वरचा भाग राहिलाय. फोन केला. हसत सुटली. "बाबा, बघणारा दीड फूट उंच आहे."
रंग दोनच, निळा नि पिवळा. कुत्र्याला एवढेच नीट दिसतात म्हणे.
म्हणजे कुत्रा.

११ जाने., शनिवार
मोठी चूक केली. गठ्ठा ३ मधल्या बऱ्याच कागदांवर पेन्सिल फिस्कटलेली, बोटाने पुसल्यासारखी. मला वाटलं बाईसाहेबांचे हात मळके. संगणकावर बसून एकेक डाग साफ केला. शहाऐंशी कागद, दोन दिवस. मोठ्या अभिमानाने पाठवले.
ते डाग नव्हते. वास होता. कुत्र्याला दिसण्याआधी वास येतो, तो तिने पेन्सिलीच्या शिशाने धुरासारखा काढला होता. स्वयंपाकघरातून येणारा दाट, बुटांना चिकटलेला तेलकट, मुलीच्या दप्तराभोवतीचा फिका. मी घरातले सगळे वास पुसून टाकले.
रागावली नाही. परत करा म्हणाली. नलिनी मात्र संध्याकाळपर्यंत हसत होती.

१४ जाने., मंगळवार. संक्रांत
शेजारच्या सरोजक्का एळ्ळु-बेल्ला, त्यांच्याकडचा तीळ-गूळ-खोबऱ्याचा वाणवळा, देऊन गेल्या. आम्ही तिळगूळ दिला. केतकी जेवायला होती, येताना पुढचे गठ्ठे घेऊन आली.
जेवताना नलिनीने विचारलं, ती तडा गेलेली फरशी आपल्या जुन्या क्वार्टरची का ग? केतकी म्हणाली, हो. आणि तो रागीच आहे.

आमचा कुत्रा. कॉलनीत क्वार्टर होतं तेव्हाचा. नाचणीच्या रंगाचा म्हणून केतकीनेच ठेवलेलं नाव. ती तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा निनाद तीनचा. चोवीस वर्षं झाली. त्यानंतर हे नाव घरात कुणी मोठ्याने घेतल्याचं आठवत नाही.
नलिनी ताटं उचलायला उठली. माझं अजून जेवण चालू होतं.
हा विषय मला नको होता.

१७ जाने., शुक्र.
गठ्ठा ५, ६. काम नीट चाललंय. काळे बूट माझे आहेत. कारखान्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले. डाव्या बुटाच्या नाडीला गाठ मारलेली, ती तुटायची. तिच्या कसं लक्षात राहिलं?
बूट सारखे येतात आणि जातात. थांबत नाहीत.

२१ जाने., मंगळवार
गठ्ठा ७. दृश्य १४. कागद १ ते ९६.
क्र. १, क्वार्टरचं गेट, खालची पट्टी वाकलेली. क्र. १२, शाळेचे बूट, उजवा मोजा घसरलेला. २० ला मुलगी वाकते, चेहरा अगदी जवळ, दोन वेण्या. ३८ ला हात कडीकडे. कडी वर. ५० ला ती बाहेर. मग पळते, उशीर झाल्यासारखी. कडी खाली येत नाही. ७० पासून गेट हळूहळू उघडतं. ९६ वर समोर सगळा रस्ता.

पुन्हा मोजले. पुन्हा पाहिले.
तिला वाटतंय, तिने गेट उघडं टाकलं.
चोवीस वर्षं.

जेवलो नाही. पोट बिघडलंय सांगितलं. स्कॅनर बंद करायचा राहिला होता, नलिनीने केला.

२२ जाने., बुधवार
लिहून काढतो. आजवर कुठेही लिहिलेलं नाही. त्या वर्षीच्या डायरीत त्या दिवशी फक्त "बोम्मसंद्रा, इन्स्पेक्शन" आहे. काल रात्री झोपेची गोळी घेतली, झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा पहिली आठवण तीच.

निनादला दमा. त्या वर्षी तीनदा हॉस्पिटल. पोराचे ओठ निळे पडलेले पाहिलेत मी. डॉक्टर म्हणाले, कुत्रा घरात नको. दोन महिने सगळ्यांना विचारलं, कुणी घ्यायला तयार नाही. होसकोट्याचा एक सहकारी नेतो म्हणाला, आयत्या वेळी नाही म्हणाला.
बोम्मसंद्राला एका पुरवठादाराकडे माल तपासायला जायचं होतं. केतकी शाळेत. नलिनी निनादला घेऊन त्याआधीच दवाखान्यात. मीही सकाळीच निघालो होतो, सगळे गेल्यावर गाडी घेऊन परत आलो. रागीला मागच्या सीटवर घेतलं. त्याला गाडी आवडायची. काम झाल्यावर एका कंपाऊंडच्या भिंतीपाशी, चहाची टपरी होती तिथे, गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. स्वतःहून उतरला, भिंत हुंगायला लागला. मी बिस्किटांचा पुडा फोडून खाली ठेवला. दार लावलं. आवाजाने त्याने मान वर केली. गाडी सुरू केली.

पुढचं याहून वाईट. घरी आलो. कुणी नव्हतं. मी स्वतः गेटची कडी वर केली, गेट अर्धं उघडं ठेवलं आणि ऑफिसला गेलो.
संध्याकाळी केतकी रडत होती. मी विचारलं, सकाळी शेवटी कोण बाहेर पडलं?
"मी," म्हणाली.
मी ते तसंच राहू दिलं. निनादपायी रागी गेला असं तिच्या मनात बसू नये, म्हणून हे सगळं. असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला "मी" म्हणायला लावलं, हे लक्षातही राहिलं नाही माझ्या. विसरून गेलो होतो. रागीला नाही विसरलो. तो प्रश्न विसरलो.

२३ जाने.
नलिनीने साडीला फॉल घ्यायला चिकपेटला पाठवलं. मेट्रोने गेलो. गर्दीत एका दुकानापुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. दुकानदाराने आत बोलावून पाणी दिलं. परत येताना रिक्षात बसलो. "एल्लिगे सार?" म्हणाला. कुठे जायचं ते चटकन सांगता येईना.
फॉल चुकीच्या रंगाचा आणला.

२५ जाने., शनिवार
केतकी गठ्ठे न्यायला आली. दृश्य १४ झालं का विचारलं. झालं म्हटलं. कसं वाटलं? चांगलं आहे म्हटलं.

मग तीच बोलत राहिली. शेवट सुचत नाहीये. रागी परत येतो आणि गेटपाशी मुलगी दिसते, एवढं नक्की. पण त्याला तिचा राग आलेला असेल का, हे ठरत नाही. सहा महिने तिथेच अडकलीय. ही फिल्म म्हणजे त्याला सॉरी म्हणणं आहे, म्हणाली. अगदी सहज, चहा पिता पिता. तिला चित्रांचा नाद कसा लागला तेही सांगितलं. रागी हरवल्यावर तिने साठ कागदांवर त्याचं चित्र काढलं होतं, भिंतींवर लावायला. साठ वेळा तोच कुत्रा, दर वेळी थोडा वेगळा. गठ्ठा हातात धरून कडा सोडल्या तर शेपूट हलल्यासारखी वाटली. "तिथून सुरू झालं बाबा सगळं."

ते साठ कागद मी तिच्याबरोबर चिकटवत फिरलो होतो. खळ मी शिजवली होती. कॉलनीच्या प्रत्येक भिंतीवर. ती कागद धरायची, मी ब्रश फिरवायचो. पाण्याच्या टाकीपाशी तिचा हात पोचेना, तर उचलून घेतलं होतं.

२८ जाने.
सांगावं की नाही.
सांगितलं तर दोन वर्षांचं काम खोटं पडतं. पुढच्या महिनाअखेरीला, म्हणजे फेब्रु. २८ ला, महोत्सवाला पाठवायची मुदत. न सांगितलं तर ती त्याची माफी मागत फिल्म पुरी करेल, लोक टाळ्या वाजवतील आणि मी पहिल्या रांगेत बसेन.
निनादचा पुण्याहून फोन. ताईची फिल्म कुठवर आली, विचारत होता. त्याला काहीच माहीत नाही. कुत्रा होता एवढंच आठवतं त्याला.
बी.पी. १६०/९६.

१ फेब्रुवारी, शनिवार
नलिनीला सांगितलं. सकाळी, ती शेंगा सोलत होती तेव्हा. सगळं, गेटच्या कडीपर्यंत.
तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला वाटलं होतं."
काय वाटलं होतं?
त्या आठवड्यात गाडीच्या मागच्या सीटखाली तिला रागीची साखळी मिळाली होती. रागी पळाला असता तर साखळी गाडीत कशाला येईल. तिने ती धुवून माळ्यावर टाकली. क्वार्टर सोडताना भंगारात दिली.
मी विचारलं, मला का नाही विचारलंस.
"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. मग मलाही केतकीशी खोटं बोलावं लागलं असतं." मग म्हणाली, "आणि त्या आठवड्यात निनाद पहिल्यांदा सरळ झोपला होता."

बेचाळीस वर्षांचा संसार. चोवीस वर्षं आम्ही दोघे एकाच गोष्टीभोवती फिरत होतो आणि मला वाटत होतं मी एकटाच आहे.
केतकीला तिने तेव्हा पुष्कळदा सांगितलं होतं की तुझी चूक नाही. पोरीला ते आईचं समजावणं वाटलं असणार.
शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, आता तिला सांगा. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगायचं.

३ फेब्रु.
गेलो नाही. गुडघा दुखतोय हे खरं आहे.

४ फेब्रु.
गेलो नाही.

६ फेब्रु., गुरुवार
गेलो. दुपारी तीन. कोरमंगलाची ती गल्ली, खाली खानावळ, वर पी.जी., त्याच्या वर तिची खोली. जिन्यात दोनदा थांबलो.

ती काचेच्या टेबलावर वाकून काढत होती. खालून दिवा, त्यावर कागदावर कागद. खालच्या चित्राच्या रेषा वरच्या कागदातून दिसतात, त्या धरून पुढचं चित्र. रागीचे दोन पंजे होते. मला बघून खूश झाली. कॉफी करू का म्हणाली. मी म्हटलं, आधी बस.

उभ्यानेच सांगितलं. पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. बोम्मसंद्रा आधी आलं, दमा नंतर आला. गेटची कडी मी उघडली हे दोनदा सांगावं लागलं.
तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. उजेड खालून तिच्या तोंडावर येत होता. पेन्सिल हातातच होती.
संपल्यावर एवढंच विचारलं, "तेव्हा किती वाजले होते?"
मी म्हटलं, साडेअकरा असतील.
"मी शाळेत होते."
हो.
खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मी निनादच्या तब्येतीबद्दल पुन्हा काहीतरी बोलायला लागलो. तिने हात वर केला. मारायला नव्हे, थांबवायला. तरी मी दचकलो.
"बाबा, तुम्ही आता जा."
जिना उतरताना वर दिवा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

७ फेब्रु.
फोन नाही.

८ फेब्रु.
फोन नाही. नलिनीने केला, उचलला नाही. मेसेज आला: ठीक आहे, जेवतेय.

९ फेब्रु., रविवार
तिचा मेसेज, मला: "उरलेले कागद स्कॅन करू नका."
शेवटच्या गठ्ठ्यातले ११० राहिले आहेत. टेबलावर तसेच. वरचा कागद उलटा करून ठेवला.
मराठी मंडळात आज हळदीकुंकू होतं. तिथले देशपांडे भेटले, मुलीची फिल्म आपल्या हॉलमध्ये दाखवू या म्हणाले. सगळ्यांना कौतुक. मी हो म्हटलं. काय म्हणणार.

१२ फेब्रु., बुधवार
नलिनी जाऊन आली. डबा घेऊन गेली होती. चार वाजता गेली, सातला परत.
केतकी जेवली. काम करत नाहीये. भिंतीवर लावलेली चित्रं काढून ठेवलीत. नलिनीने आपलंही सांगितलं, साखळीचं. ते मी सांगितलं नव्हतं.
त्यावर केतकी म्हणाली, म्हणजे घरात फक्त मलाच माहीत नव्हतं. मला आणि रागीला.
नलिनी हे सांगून आत गेली. दिवाबत्ती राहिली होती, ती मी केली.

१३ फेब्रु.
काल न लिहिलेलं. नलिनीने तिला विचारलं, बाबांचा फार राग आलाय का? तर म्हणाली, रागाचं अजून ठरलं नाही. आधी हे कळू दे की मी नऊ वर्षांची असल्यापासून दार दोनदा का तपासते.
खरंच तपासते. लहानपणापासून. कुठेही निघाली की परत जाऊन कडी ओढून बघते. आम्ही हसायचो. मी तर नावही ठेवलं होतं, वॉचमन.

१६ फेब्रु., रविवार
सकाळी अकराला बेल. केतकी. आत आली, आईला भेटली, टेबलाशी बसली. वही काढली. मी समोर.
प्रश्न विचारत गेली आणि लिहून घेत गेली. साक्ष घेतात तसं. गाडीत रागी उजवीकडे होता की डावीकडे? काच खाली होती का? वाटेत भुंकला का? भिंत कशाची होती, विटांची की सिमेंटची? टपरीवर कोण होतं? बिस्किटं कागदावर ठेवलीत की मातीवर? तुम्ही त्याच्याशी काही बोललात?
काच अर्धी खाली होती. भुंकला नाही. बिस्किटं मातीवर.
बोललो का? "बस" म्हणालो होतो. बस म्हटलं की तो बसायचा. बसला.

तिची पेन्सिल थांबली. मान खाली. नलिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.
मग केतकीने पान उलटलं आणि म्हणाली, पुढे.

महोत्सवाला यंदा पाठवत नाही म्हणाली. मी गेटच्या दृश्याचं विचारलं, ते ९६ कागद आता फुकट का? नाही म्हणाली, राहणार. मुलीला तसंच वाटत होतं ना. त्यानंतर दुसरं यायचं.
निनादचंही बोलली. मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगा किंवा नका सांगू. पण फिल्म तो बघणारच.
जाताना, पुढच्या रविवारी गाडी काढा, ती जागा दाखवा.
दारातून बाहेर पडली. जिन्यावर पावलं थांबली. परत आली नाही. खाली गेली.

१९ फेब्रु.
निनादला फोन लावला. हवापाण्याचं बोललो. ठेवला.

२३ फेब्रु., रविवार
दोघे गेलो. नलिनी आली नाही.
होसूर रोड. जाताना बोलणं नाही. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती, वही मांडीवर. बोम्मसंद्राला पोचलो. मला जागा सापडेना.
चोवीस वर्षं ती भिंत मला जशीच्या तशी दिसत होती. स्वप्नात नव्हे, जागेपणी. आणि तिथे काहीच ओळखू येईना. मेट्रोचे खांब, नवीन शेड, ट्रक लागलेले. मी गाडी या रस्त्यावर वळवली, मग त्या. एका बंद कारखान्याच्या भिंतीपाशी थांबलो. हीच असावी म्हटलं. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नाही.
तिला वाटलं असेल मी टाळतोय. नव्हतो टाळत. त्याला कुठे सोडलं तेसुद्धा मला सांगता येत नाही, हे मला तिथे उभा असताना कळलं.
जवळच एक म्हातारी भाजी विकत होती. केतकीने कन्नडमध्ये विचारलं, अज्जी, इथे पूर्वी चहाची टपरी होती का? म्हातारी म्हणाली, टपऱ्या खूप होत्या, सगळ्या गेल्या. कुत्रं शोधताय का? किती दिवस झाले? केतकी म्हणाली, "स्वल्प दिवस आयतु." थोडे दिवस झाले.

मग तिने भिंतीपाशी वर्तमानपत्र अंथरलं आणि आडवी झाली. कोपरावर, मान दीड फुटावर. येणारे जाणारे बघत होते. म्हणाली, गाडीचं मागचं दार उघडा. आता लावा. आता पुढे जाऊन बसा. तेव्हा गेलात तसे.
मी गेलो. मागच्या दारापासून, गाडीला वळसा घालून, पुढच्या दारापर्यंत पाच पावलं. बसलो.
परत, म्हणाली.
पुन्हा केलं. ती भराभर रेषा ओढत होती, वर बघायची ती फक्त माझ्या पायांकडे. तिसऱ्या वेळी मला धाप लागली. गाडीला टेकून उभा राहिलो. तिने पाण्याची बाटली दिली. माझ्या हाताला हात लागला, तो तिने काढून घेतला नाही, ठेवलाही नाही.
चौथ्या वेळी तिने वही बाजूला ठेवली.
"बाबा, गाडीत बसण्याआधी तुम्ही मागे वळून पाहिलं होतं?"
"हो," म्हणालो.
लगेच म्हणालो. तिचा चेहरा बघूनच म्हणालो. कितीतरी दिवसांनी तो जरा सैल झाला. तिने वहीत काहीतरी लिहिलं, खाली रेघ मारली. परत येताना तीच बोलली. त्या एका वळण्याला चाळीसेक कागद लागतील. मान, खांदा, आणि पहिल्यांदाच फिल्ममध्ये त्या माणसाचा चेहरा. रागीला तो वरून खाली बघताना दिसेल. शेवट तिथे आहे असं वाटतंय. उद्या सकाळपासून बसते म्हणाली.
घरी आल्यावर आईच्या हातचा आमटीभात मागून घेतला तिने. जेवून गेली.

आता संध्याकाळचे सहा. बाल्कनीत बसून लिहितोय.
दार लावलं, त्याने मान वर केली, गाडी सुरू केली. एवढंच मला ठाऊक आहे. दार लावणं आणि गाडी सुरू होणं यांच्यामध्ये ती पाच पावलं आहेत. आज चार वेळा चाललो. एकदाही मान वळली नाही.
वळलो असेनही. कुणीही वळेल.
तिला फोन लावायला हवा, वळलो होतो का ते मला आठवत नाही हे सांगायला. ती सकाळी आठला टेबलावर बसते.